अक्षताच्या ऑफिसातली खुंटाळी

मित्रांनो, मी एक जुनी खुंटाळी आहे. नाहूरच्या एका इमारतीत, दाराजवळच्या भिंतीवर माझा मुक्काम. माझे मालक दशरथ गिरणीत कामाला होते. घराचं जुनं दार मोडलं तेव्हा त्यांनी त्याचं लाकूड फेकलं नाही. रविवारी बसून रंधा मारला, पितळी हूक लावले आणि माझा जन्म झाला.

त्यांची बायको नलिनी दिवसभर घरी असायची, म्हणून साऱ्या मजल्याच्या चाव्या माझ्याकडे. "काकी, चावी ठेवतेय हं!" अशा हाका यायच्या. शाळेतून आलेली मुलं उड्या मारून आपापली चावी काढायची. पुढे ती मुलं मोठी झाली, ज्याच्या त्याच्या खिशात स्वतःची चावी आली. दशरथ गेले. माझं पितळ काळवंडलं आणि माझ्यावर नुसत्या भाजीच्या पिशव्या लटकू लागल्या.

मग नलिनीच्या सुनेने, अक्षताने, अंधेरीची नोकरी सोडली. एका मोठ्या कंपनीत ती मार्केटिंगमध्ये होती. आता छोट्या उद्योगांच्या जाहिराती ती घरूनच करणार होती. माझ्याखालीच तिने टेबल मांडलं. मजल्यावर बातमी पसरली ती एवढीच, की अक्षता घरी असते! बघता बघता माझे सगळे हूक पुन्हा चाव्यांनी भरले. मी हरखून गेले. बेल मात्र सारखी वाजायची आणि अक्षता सारखी उठायची.

एके दिवशी लॅपटॉपवर तिची मोठी मीटिंग होती. श्रुतिका मॅडमचा रत्नागिरीला कोकम सरबताचा कारखाना होता. त्यांचं वर्षभराचं काम मिळालं नाही, तर अक्षताला पुन्हा नोकरी शोधावी लागणार होती. ती बोलायला लागली, तोच शेजारचे भाऊराव उघड्या दारातून थेट आत! अंगात बनियन, खांद्यावर टॉवेल.

"आमची लता चावी ठेवून गेलीय ना? दे गं!"

"काका, मीटिंग चालू आहे!"

"मग कर ना, मी कुठे अडवतोय?" म्हणत त्यांनी लॅपटॉपवरूनच माझ्याकडे हात लांबवला. मॅडमना पडद्यावर दिसलं ते भाऊरावांचं पोट.

"आपण उद्या बोलूया," मॅडम म्हणाल्या.

अक्षताने स्क्रूड्रायव्हर आणला. "आई, वाट लागली माझी. ही खुंटाळीच काढून टाकते."

मी घाबरले. पण नलिनी पुढे झाली. "तिचो काय दोष? दी माका."

नलिनीने मला स्वयंपाकघरात, मजल्याच्या सामाईक गॅलरीकडे उघडणाऱ्या खिडकीशी लावलं. मग दारोदार जाऊन बजावलं, "आमची अक्षता घराक आसा, पण कामात आसा. चावी होयी तर खिडकीत येवा. बेल वाजवल्यात तर चाय गावची नाय!"

चहा मिळणार नाही ही धमकी लागू पडली. दुसऱ्या दिवशी मीटिंग सुरू असताना भाऊराव खिडकीशी आले. अंगात चक्क इस्त्रीचा शर्ट.

"नलिनीताई, चावी," ते कुजबुजले. "झालं का तिचं?"

"नाय अजून."

चावी हातात आली तरी ते हलेनात. तेवढ्यात आतून आवाज आला, "आई, काम मिळालं!"

"आता ओरडू का?" भाऊरावांनी विचारलं. नलिनीने होकारार्थी मान डोलावली मात्र, "झकास!" ही त्यांची आरोळी साऱ्या मजल्याने ऐकली.

मित्रांनो, घरात बसून काम करणाऱ्या माणसालाही त्याचं ऑफिस असतं. त्याच्या दाराशी क्षणभर थांबा. आणि तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी असेल, तर तिची धूळ पुसा, तिचा एक हूक शेजाऱ्यासाठी मोकळा ठेवा.