तुंब्यातली सरकी

मित्रांनो, मी एक जुना तुंबा आहे. तुंबा म्हणजे वाळवून आतून पोखरलेला कडू भोपळा. बोरी अरब गावात सत्यशीलाबाईंच्या घरी चुलीवरच्या खुंटीला मी टांगलेला आहे. पोखरताना माझ्या स्वतःच्या बिया उकिरड्यावर गेल्या. तेव्हापासून मला फारसं काही वाटत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझं काम एकच होतं. कापूस वेचताना सत्यशीलाबाई चांगल्या झाडांची बोंडं बाजूला काढायच्या आणि त्यांची सरकी, म्हणजे कापसाचं बी, राखेत घोळून माझ्या पोटात भरायच्या. ही त्यांच्या सासूची रीत. जसं झाड, तसंच पुढच्या वर्षीचं झाड. लांबलांबून लोक बी मागायला यायचे. तेव्हा मीही फुगून बसायचो. भोपळाच तो, फुगायला काय लागतं.

मग पाकिटातलं संकरित बियाणं आलं. सगळ्यांनी पेरलं, त्यांनीही पेरलं. झाडं बोंडांनी वाकली. सत्यशीलाबाईंनी रीतीप्रमाणे सगळ्यात चांगल्या झाडांची सरकी काढली. पण मी भरलेला होतो. त्यांनी जुनी सरकी म्हशीच्या आंबोणात ओतली आणि नवी माझ्यात भरली. म्हशीने घमेलं चाटूनपुसून ठेवलं.

पुढच्या वर्षी ही सरकी पेरली. एक झाड छातीएवढं झालं, एक गुडघ्याएवढं. एकाला अळीने पोखरलं, शेजारच्याला ती शिवलीही नाही. कितीतरी झाडांना बोंडच धरलं नाही.

"माह्या हातानं निवडली व्हती," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "मंग असं काहून झालं?"

त्यांची प्रियंका बारावीला होती. तिने एक पांढरा आणि एक लाल दोरा शेजारी धरले. "आई, झाडात असे जोडीचे दोरे असतात. एक मायकडचा, एक बापाकडचा. फुलात पराग आन् बीजांड तयार व्हायच्या आधी ते एकमेकाले बिलगतात, एकाच जागी तुटतात आन् तुकडे बदलून पुन्हा जुळतात." तिने दोन्ही दोरे कापून उलटसुलट गाठी मारल्या. "दर वेळी वेगळ्या जागी तुटतात. म्हणून दर बी वेगळं."

"मंग आपली जुनी सारखी कशी यायची?"

"तिचे दोन्ही दोरे पांढरेच व्हते. तुकडे बदलले तरी पांढरंच. पाकिटातलीचे दोन रंगाचे."

सत्यशीलाबाई त्या गाठींकडे बघत राहिल्या. "मले कोणी सांगतलं नाही," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या बंजाऱ्यांच्या तांड्यावर शेतकरी शंकरसिंगांकडे जुनी सरकी मागायला गेल्या. ते म्हणाले, "बाई, मीच तर दरसाल तुमच्या तुंब्यातली नेत व्हतो."

परत येताना त्या शेतात शिरल्या. निरोगी आणि बोंडांनी भरलेल्या एका झाडाला त्यांनी लुगड्याची चिंधी बांधली.

"यातून जुनी नाही येणार," प्रियंका म्हणाली. "सात-आठ वर्षं निवडत गेली, तर दोरे सारखे होतीन."

"म्हणजे मी साठीची होईन," सत्यशीलाबाई म्हणाल्या.

त्या झाडाची मूठभर सरकी आता माझ्यात आहे. हलवलं की वाजते. पूर्वी मी भरलेला असायचो, तेव्हा आवाज येत नसे.

मित्रांनो, नवं जरूर घ्या. पण जुनं ओतण्याआधी मूठभर मागे ठेवा. त्या दिवशी मला 'थांबा' म्हणता आलं नाही. तुम्हाला तोंड आहे.