झेंडू कुणी पेरला?

वेणीमाधवगुरुजींचा अख्ख्या काशीत कुणावर विश्वास नव्हता. विश्वेश्वर तेवढा अपवाद, कारण त्याला गुरुजींची जमीन नको होती.

जमीन वरुणा नदीपलीकडची, वडिलांना दक्षिणा म्हणून मिळालेली. तिथे आजवर गवताशिवाय काही उगवलं नव्हतं. एक बिल्डर ती घ्यायला तयार होता. ती विकायची, पुण्यात लेकाच्या शेजारी घर घ्यायचं आणि घाटाच्या पायऱ्यांपासून गुडघे सोडवायचे, असा गुरुजींचा बेत. पण मध्येच शहराला हिरवाईचा पुळका आला. जिथे पीक उभं दिसेल ती जमीन नव्या आराखड्यात शेतीलाच राहणार. पडीक असेल तिथेच इमारत. कार्तिकात लेखपाल, म्हणजे इकडचा तलाठी, येऊन बघून जाणार होता.

"जमीन पडीक ठेवण्यात आपल्या घराण्याचा हात कोण धरणार?" गुरुजी म्हणाले.

"बघा," त्यांच्या पत्नी बकुळकाकू म्हणाल्या. पुण्याचं नाव निघालं की त्या एवढंच म्हणत आणि देवळातून आलेले हार वाळत घालायला गच्चीवर जात.

हार गंगेत सोडायला आता बंदी. आणि निर्माल्य पायाखाली येता कामा नये, हे तर गुरुजींनीच घाटावरच्या भक्तांना दटावून दटावून पाठ करून घेतलेलं. म्हणून आषाढापासून दर सोमवारी ते निर्माल्य आपल्या जमिनीत नेऊन टाकत. आत पाय न घालता, बांधावरूनच.

"ढीग करू नका, वास सुटतो," काकू बजावत. "चुरून, पसरून फेका."

पुढे गणपती आले, मग पितृपक्ष. यजमानांच्या गर्दीत गुरुजींना तिकडे फिरकायला झालं नाही. नवरात्रात गेले तर जमीन पिवळीजर्द! जिकडे तिकडे झेंडू.

गुरुजींनी शेजारच्या रामजतनला गाठलं. त्याची फुलशेती होती, म्हणजे पुरावा होताच.

"माझ्या जमिनीत गेंदा कुणी घातला?"

"पंडितजी, मेरा तो खुद आधा सड़ गया. आप कौन-सी खाद डालते हैं?"

खत विचारतोय, म्हणजे मुरलेला चोर. गुरुजी घरी आले.

"तुला पुण्याला यायचं नाही. तूच पेरलास!"

"अहो, माझे गुडघे भाजीबाजारापर्यंत जात नाहीत, ते वरुणा ओलांडतील?"

मग गुरुजी कडुनिंबाआड पहाऱ्याला बसले. दिवसभरात आली ती एक बकरी. गुरुजींनी तिला आत जायचा आग्रह केला. तिने वास घेऊन तोंड फिरवलं. तीही सामील असावी.

पाहणीच्या सकाळी रामजतनकडून विळा मागून आणून गुरुजी बांधावर वाकले. सगळं आडवं करायचं, आज पडीक म्हणजे पडीक. पहिलं रोप मुठीत धरलं तर मुळाशी दोरा. दोरा ओढला तर पुढची चार रोपं हलली. वळण घेऊन, न चुरता फेकलेल्या हारासारखी एका ओळीत उभी! शेजारी लाल नाडा, वाळकं बेलाचं पान. नाडा तर त्यांनीच अभिषेकाला बांधलेला.

चोर सापडला होता आणि तो विळा घेऊन उभा होता.

तरी कापायला आत शिरणं भाग होतं. गुरुजींनी पाऊल उचललं आणि ते हवेतच राहिलं. खाली सगळं निर्माल्य. पाऊल मागे आलं. त्यांनी मुकाट्याने जमिनीला हात लावून कपाळाला लावला.

तेवढ्यात लेखपालबाई मोबाइल सरसावत आल्या.

"वाह पंडितजी, कटाई चल रही है! ज़रा हँसिया ऊपर कीजिए."

फोटो फार छान आला. हातात विळा, मागे झेंडू, मध्ये काशीतला आदर्श शेतकरी.

घरी काकूंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. "काय ठरलं हो?"

"शेती."

"बघा!" म्हणत काकू गच्चीवर गेल्या. गुरुजी मागोमाग चढले. उन्हात झेंडूचे हार वाळत होते. काकू एकेक हलवून खडखडीत वाळलाय का ते बघत होत्या.

"अगं, टाकायचीच फुलं. ती वाळवून कशाला देतेस मला?"

"ओल्या फुलांनी पिशवी कुजते ना."

गुरुजींनी कठड्यावरच्या पिशवीकडे पाहिलं. पिशवी प्लास्टिकची होती.