अमेरिकेचे टॉवर अन् म्हशीवरचा माळा

रेवताबाईच्या थापा साऱ्या सानगडी गावाले पाठ. तलावातली मरळ मासोळी तिची नथ घालून फिरते, हे तिनं इतक्यांदा सांगितलं, का आता तिचं खरंबी कोणी खरं धरत नाही. त्या दिवशी नेमकं तेच आडवं आलं.

गेल्या हप्त्यात गोठ्यात तनस, म्हंजे धानाचा पेंढा, पेटली. घंटाभर जळली. वरचा लोखंडी अँगलचा माळा जागीच राहिला, नुसता काळा पडला. अन् तिचा पोरगा मुन्ना त्याच माळ्यावर धानाचे पोते चढवून राहिला होता. खाली म्हैस, म्हशीजवळ रेवताबाईची खाट.

"नको चढवू रे, लोखंड कमजोर झालं."

"माय, हे तुह्या मरळीसारखंच! तनसीच्या आगीत लोखंड वितळते का? विमानं घुसलेले अमेरिकेचे ते दोन टॉवर पाह्य मोबाइलवर. विमानाच्या तेलानंबी वितळत नाही म्हनते. खालून बम लावून पाडले ते."

रेवताबाईले थाप आवडली. तिच्या तोडीची होती. पन या थापेखाली तिले झोपाचं होतं.

सून ज्योत्सना आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकलेली. ते म्हणाली, "अजी, वितळाले कोन म्हनते? तापलं का लोखंड नरम पडते, अर्धी ताकद जाते. विमानानं काही खांब तोडले, बाकीच्यायवर भार आला, अन् वरून आग."

"अन् त्या टॉवरजवळची तिसरी बिल्डिंग, तेबी त पडली? तिले त विमान शिवलंबी नाही!"

"आग त शिवली ना? दिवसभर जळली, विझवाले पानी भेटलं नाही."

"सासू-सुनेची एकच पार्टी!" मुन्नानं अजून एक पोतं उचललं.

रेवताबाई भांडली नाही. घरकुलाच्या कामातून उरलेला बारीक सरिया, लोखंडाची सळी, तिनं आंगनातल्या चुलीवर दोन विटायवर आडवा टाकला. ज्योत्सनाच्या हातानं त्यावर मसाल्याचा पाटा ठेवला.

"मुन्ना, पेलते का?"

"पेलते ना. मंग?"

तिनं लाकडं लावली अन् फुंकणी फुंकत बसली. फुंकून फुंकून डोळ्यात पानी आलं. सरिया लाल झाला. एक थेंब वितळला नाही. पन मधातून हळूहळू झोल पडला, अन् पाटा धप्पकन राखेत.

रेवताबाईनं तोंडावर आलेला टोमणा गिळला. तिले ते लय जड गेलं, पदर तोंडात धरावा लागला. मुद्दाम जाऊन ते माळ्याखालच्या खाटेवर पाय लांब करून बसली.

मुन्नानं सुतळी आनली, अँगलच्या या टोकापासून त्या टोकाले ताणून बांधली. मधात अँगल सुतळीच्या चार बोटं खाली झुकलेला.

"ज्योत्सना! आधी म्हैस बाहेर काढ!"

"अन् मी रे, लेका?"

"तूबी निघ माय, पटकन निघ!"

म्हैस अन् माय दोघी बाहेर येईपर्यंत मुन्ना दोन्ही हातानं अँगल वर रेटून उभा होता, जसा काही तो त्याच्याच भरवशावर थांबला होता.