फ्रेंच गावातली शेजारीण

१९८३ साली राजारामला लुईझियानात तेलाच्या रिगवर नोकरी लागली आणि शरयूच्या नशिबी एक फ्रेंच बोलणारं गाव आलं. नवरा चौदा दिवस समुद्रात, चौदा दिवस घरात. अमेरिकेला जायचं म्हणून तिने सांगलीत सहा महिने इंग्रजीची शिकवणी लावली होती. इथे पाहते तर दुकानदारापासून पाद्र्यापर्यंत सगळे म्हातारे आपसात फ्रेंचमध्ये गप्पा हाणताहेत! पहिले दोन महिने तिने पडदे ओढून काढले. भिंतींशी बोलायची वेळ आली होती.

मग एका संध्याकाळी शेजारची मादाम तेरेझ आपली खुर्ची काखोटीला मारून आली आणि न विचारता व्हरांड्यात बसली. वय अठ्ठ्याहत्तर, विधवा, इंग्रजी शरयूपेक्षाही दिव्य. "तू एकटी, मी एकटी. कॉफी कर," एवढंच म्हणाली.

त्या दिवसापासून शरयूला गाव दिसायला लागलं. उन्हं कलली की माणसं व्हरांड्यात येत, कुणीही उठून कुणाकडेही जाई. कोपऱ्यावरचा म्हातारा कोळी फिडल, म्हणजे व्हायोलिनच, वाजवी. शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये सत्तरीची जोडपी कमरेत हात घालून नाचत, आणि शरयू लाजत लाजत पण डोळे भरून बघे. दुपारी तीनपासूनच तिचं लक्ष घड्याळाकडे लागायचं. अख्ख्या अमेरिकेत तिचं म्हणावं असं तेरेझ हे एकच माणूस होतं.

ऑगस्टमधल्या एका रविवारी तेरेझने पातेलंभर कोळंबीचा रस्सा आणून दिला. शरयू पक्की शाकाहारी, पण म्हातारीच्या तोंडावर नाही म्हणवेना. ती गेल्यावर शरयूने तो मागच्या कुंपणापाशी ओतला, मान वर केली, तर समोरच्या खिडकीत तेरेझ उभी. शरयूला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सोमवारी तेरेझ आली नाही.

राजाराम समुद्रात होता. शरयूने टेक्सासमधल्या शुगर लँडच्या वसुधाकाकूंना फोन लावला. या राजारामच्या चुलत काकू, अमेरिकेत पंधरा वर्षं मुरलेल्या. "रागावली असणार गं. पण उठून तिच्या दारात जाऊ नकोस हं! या लोकांना प्रायव्हसी लागते. आधी फोन करायचा. नाही उचलला तर समजायचं, मूड नाहीये. येईल आपणहून."

काकूंनी ते गाव जन्मात पाहिलं नव्हतं. शरयू मात्र रोज पाहत होती की इथे कुणी कुणाला विचारून येत नाही. तरी तिने काकूंचंच ऐकलं. वडीलधाऱ्यांपुढे स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचं वळणच आपल्याला नाही, त्याला काय करणार!

तिने फोन केला. उघड्या खिडकीतून शेजारच्या घरातली बेल स्वच्छ ऐकू येत होती. कुणी उचलला नाही. मंगळवारी तिने चार वेळा केला. संध्याकाळी कोळ्याने रस्त्यावरून विचारलं, "तेरेझ दिसली नाही, बरी आहे ना?"

"बरी आहे," शरयू म्हणाली. रुसवा झालाय हे कुठल्या तोंडाने सांगणार? तो निश्चिंत होऊन घरी गेला.

गुरुवारी, टपाल पेटीत तसंच पडलेलं पाहून, पोस्टमनने दार उघडलं. तेरेझ स्वयंपाकघरात जमिनीवर पडलेली होती, खुबा मोडला होता. डॉक्टर म्हणाले, पडली सोमवारी, जीव गेला बुधवारी.

तिथल्या रीतीप्रमाणे संध्याकाळी सगळी गल्ली प्रेताजवळ बसायला आली. तेरेझची लेक बॅटन रूजहून आली होती. तिने शरयूचे दोन्ही हात हातात घेतले.

"रविवारी आई फोनवर किती हसत होती! म्हणाली, पोरगी मासे खात नाही, एवढंही मला कळू नये? उद्या तिच्यासाठी दुधातला गोड भात करते. आज ओट्यावर तांदूळ भिजवलेले सापडले."

गप्प बसून शरयू सुटली असती, पण तिच्याने राहवेना.

"मी फोन करत होते," ती म्हणाली. "पाच वेळा."

"म्हणजे तू घरीच होतीस?"

"हो."

"बेल ऐकू येत होती तुला?"

"हो. खिडकीतून."

"म्हणजे आईलाही ऐकू येत असणार," लेक म्हणाली, आणि शरयूचे हात सोडून पलीकडे जाऊन बसली.