उलटा लावलेला ससा

मी संग्रहालयात चौकटी लावतो, सव्वीस वर्षं झाली. आमच्या कामात एकच नियम, रंग जिकडे, चित्राचं तोंड तिकडे. त्यामुळे आशियाई ॲनिमेशन आणि चित्रपटांचा आठवडा ठरला आणि एका जुन्या कार्टूनपटाची हातानं रंगवलेली पारदर्शक पानं खोक्यातून आली, तेव्हा मी कुणाला काही विचारलं नाही. मला कोण शिकवणार! एका सशाच्या कानांवर पेन्सिलीची गिचमीड होती. कामाच्या खुणा असतील म्हणून सोडून दिली.

माझा जीव अडकला होता आईत. तो कार्टूनपट जिथं बनला त्याच स्टुडिओत तिनं अकरा वर्षं रंग भरले, आणि पडद्यावर तिचं नाव एकदाही आलं नाही. तिनं आपलं काम एकदा तरी भिंतीवर पाहावं, एवढंच मला हवं होतं. ती गुडघ्यांचं निमित्त काढत होती. पहिल्या दिवशी सकाळी मी तिला जवळजवळ उचलूनच आणली.

सशासमोर ती थांबली आणि कडाडली, "अरे, उलटा लावलायस!"

"म्हणजे?"

"रेघ पुढून काढतात, रंग मागून भरतात. कॅमेरा पुढून बघतो. एवढंही कळत नाही होय रे तुला?"

दहा माणसांदेखत माझी शोभा झाली. मी काही बोलणार तोच आई काचेकडे वाकली. तिनं माझी बाही घट्ट धरली.

मागे उभी असलेली एक कॉलेजची मुलगी मैत्रिणीला मोठ्यानं वाचून दाखवत होती, "'छोटी काल गेली. सुट्टी घे म्हणू नकोस. घरी बसवत नाही. कान मी केलेत, पोट तू कर.' अगं, हे कुणी लिहिलं असेल?"

कुणी लिहिलं ते मला कळलं होतं. 'ल'ची ती लांब शेपटी मी आयुष्यभर सामानाच्या याद्यांवर पाहत आलो होतो.

"आई, छोटी कोण?"

"आम्ही रंगवणाऱ्या बायका अशाच बोलायचो," ती म्हणाली. "तोंड उघडलं की साहेब ओरडायचे. पान पुढच्या टेबलावर गेलं की निरोप पोचायचा. मागून रंगावर लिहिलेलं कॅमेऱ्याला दिसत नाही ना."

"छोटी कोण, आई?"

"तुझी बहीण. सात महिन्यांची होती. तू नंतर दोन वर्षांनी झालास."

घरात, नात्यात सगळे मला थोरला म्हणतात. तो शब्द आईच्या तोंडून कधी ऐकल्याचं मला आठवेना. मला तिचा भयंकर राग आला.

"पन्नास वर्षं सांगितलं नाहीस? आम्हा तिघा भावांपैकी एकालाही?"

"कुणाला सांगायचं? तुझ्या बाबांसमोर विषय काढला की ते उठून जायचे. मग मीही सोडला." तिनं बाही सोडली. "आता सरळ कर तो. लोकांना माझं काम पुढून बघू दे."

मी पेचकस आणला. चार स्क्रू काढायला मला कधी इतका वेळ लागला नव्हता. पान फिरवून परत बसवलं आणि मागे सरलो.

कानांचा पिवळा रंग रेघेबाहेर केसभरही गेला नव्हता.