तीन फुटांचा रस्ता

पुण्याच्या एका संस्थेने आमच्या गावच्या शाळेला चाकाच्या बुटांचे बारा जोड पाठवले. स्केटिंग म्हणतात त्याला. गरिबाची पोरं कबड्डी खेळताना दिसली तर देणगी देणाऱ्याचं मन भरत नाही, म्हणून असेल. सोबत पत्र होतं. तीन महिन्यांनी संस्थेच्या अर्पिता मॅडम येऊन बघतील. जे पोरगं न पडता शंभर मीटर जाऊन परत येईल, त्याला मेहकरात वर्षभराचा क्लास आणि एसटीचा पास. कोणालाच जमलं नाही तर बूट दुसऱ्या गावाला.

गावात सपाट जागा एकच, डांबरी रोडवरून आत येणारा सिमेंटचा रस्ता. त्याच्या फलकावर 'मुख्य रस्ता ते शाळा' असं लिहिलं आहे. रस्ता महादेवराव पाटलांच्या फाटकापाशी संपतो. शाळा तिथून पुढे तीन वावरं लांब. तेवढं पोरं चिखलातून जातात.

जयमालाची अकरा वर्षांची छकुली याच रस्त्यावर शिकली. दोन्ही गुडघे सोलले, एक दात गेला. महादेवराव ओट्यावर चहा पीत बघायचे आणि गड्याला म्हणायचे, "जयमालाच्या पोरीले चाकं फुटले बे." गडी हसायचा. त्याला हसण्याचाही पगार होता.

दसरा झाला आणि पाटलांचं सोयाबीन रस्त्यावर वाळायला पडलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. ते पसरायला रोजाने होती जयमालाच.

अशात मॅडम गुरुवारी येणार असा फोन आला. शाळेचे भागवत सर एका सकाळपुरता रस्ता मागायला पाटलांकडे गेले. पाटलांनी त्यांना चहा पाजला. माल ओला राहिला तर भाव पडतो, मॅडम काय पुन्हा येतील, असं समजावलं. आपण खेळाच्या विरोधात नाही, पंधरा ऑगस्टला चॉकलेटं आपणच वाटतो, हेही सांगितलं. सर चहा पिऊन परत आले. मॅडमना दाखवायला पोरांकडून बुटांचं चित्र काढून घ्यायचं त्यांनी ठरवलं.

छकुलीने घरी काही सांगितलं नाही. चाकं रॉकेलने पुसली आणि परत करायला बूट थैलीत भरले. जयमालाने ते पाहिलं.

"किती रुंद जागा लागते?" तिने विचारलं.

छकुलीने दोन्ही हात थोडे पसरले.

गुरुवारी जयमालाने रोजच्यासारखं सोयाबीन पसरलं. फक्त डाव्या कडेला, रोडपासून फाटकापर्यंत शंभर मीटर, तीन फूट सोडले आणि दोनदा झाडून काढले. चाकाखाली एक दाणा आला तरी पोरगी तोंडावर पडली असती.

महादेवराव बाहेर आले.

"काऊन वं जयमाला, एवढी जागा काऊन सोडली?"

"रस्ता हाये ना पाटील. लोकाईले जा लागते."

पाटील काही बोलणार तेवढ्यात रोडवर गाडी थांबली. अर्पिता मॅडम मोबाइलने शूटिंग करतच उतरल्या. पाटलांनी तोंड मिटलं आणि टोपी सरळ केली.

छकुली निघाली. फाटकाशी वळताना तोल गेला, तिने फाटकाचा गज धरला आणि तशीच फिरली. पडली नाही. परत आली.

संस्थेच्या पुस्तकात पुढे तिचा फोटो छापून आला. खाली लिहिलं होतं की स्थानिक शेतकरी महादेवराव यांनी सरावासाठी स्वतःचा रस्ता उपलब्ध करून दिला. स्वतःचा. जयमालाचं नाव नव्हतं. तिला शुक्रवारपासून कामाला बोलावलं नाही; ती आता दुसऱ्या गावाला कापूस वेचायला जाते.

छकुलीचा क्लास सोमवारी सुरू झाला. एसटी धरायला तिला त्याच रस्त्याने जावं लागतं. पाटलांचं राहिलेलं सोयाबीन तिथेच वाळत होतं, आणि नवीन बाईने डावी कड सोडली नव्हती. छकुली थैली खांद्याला लावून सोयाबीनवरून मधोमध चालत गेली.