परतलेली लाट

"दोन खडे घे गो चेडवा. एकदम टाक."

कारापूरच्या घाटावर बसलं की बाबांचा तो जुना आवाज गौरवीच्या कानात अजून घुमे. तेव्हा ती परकरात होती. खडे पडले की वाळवंटी नदीच्या पाण्यात दोन वर्तुळं उमलायची, पसरत एकमेकांत शिरायची. उंचवट्याला उंचवटा भेटला की पाणी दुप्पट उसळे. उंचवट्याला खळगा भेटला की तेवढ्या जागी निपचित.

"मोडल्यो, बाबा?"

"मोडतीत कशाक? बघ, गेल्यो आपल्या वाटेन." आणि मग बाबा, म्हणजे सगुण, आपल्या आईची जात्यावरची ओवी गुणगुणे:

दोन लाटा दोघी बहिणी, भेटल्या मधल्या धारे
भेटून गेल्या बाई, दोन त्या किनारे

आज त्रिपुरारी पौर्णिमा. सांजेला घाटावरून घरोघरच्या सजवलेल्या होड्या सुटणार. खाणीवर टिपर ट्रक चालवायचा तेव्हासुद्धा सगुणने एक वर्ष चुकवलं नव्हतं. तळाला केळीचा गाभा, वर बांबूच्या कामट्या, रंगीत कागदाची शिडं, पणत्या. यंदा मात्र होडी करताना त्याने ओसरीवर कुणाला फिरकू दिलं नाही.

गौरवीने तरी पाहिलंच होतं. शिडाची कड नागमोडी. डिंकाचे थेंब भलतीकडे. चहा अर्धाच कप मागायचा.

"बाबा, हात दुखता?"

"थंडी वाजता."

"पंखो गरगर फिरता, घामान सदरो भिजलो, आणि म्हणे थंडी!" आई, उषा, आतून म्हणाली. सगुणने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. एकदा तोंडाने कबूल केलं असतं तर डॉक्टरकडे नेता आलं असतं. पण नुसतं नाव काढलं की तो उठून जाई. पावसाळ्यापासून गौरवीच्या छातीवर तेच ओझं होतं.

दुपारी होडी तपासायला बापलेक घाटावर आली. सगुणने ती थेट पायरीला लागूनच सोडली. इतक्यात जीवरक्षकांची मोटारबोट गेली. लाट आली, दगडावर आपटून परतली आणि मागून येणारीला भेटली. पाणी भसकन उंचावलं. होडी उचलली गेली, पायरीवर आदळली, एक पणती बुडाली. गौरवीने धावत जाऊन होडी धरली.

"सगुणदादा, होडी केलास की पाणबुडी?" शेजारचा सुभाष पलीकडच्या पायरीवरून ओरडला.

सगुण हसला नाही.

"बाबा, पायरीकडे सोडूची नाय. परतलेली लाट थंय दुप्पट होता. तुमीच शिकयलात." ती हळू म्हणाली. "पायऱ्या सपतत थंय, वाळूर सोडूची. थंय लाट चढता नि जिरता, परतना."

त्याला ठाऊक नव्हतं थोडंच! पण त्या वाळूपर्यंत होडी दोन्ही हातांवर सपाट धरून कमरेएवढ्या पाण्यातून न्यावी लागते. गौरवीच्या सगळं ध्यानात आलं.

ती पाण्यात उतरली. होडी मात्र तिने परत त्याच्या हातांत दिली आणि खालून आपले तळवे लावले. "चला."

पहिल्या पावलाला पणत्या किणकिणू लागल्या. तिने तळवे घट्ट केले. बापलेक पाऊल जुळवत निघाली, तशी किणकिण कमी होत गेली. वाळूपाशी दोघांनी मिळून होडी सोडली. मोटारबोट पुन्हा गेली. लाट होडीखालून सरकली, वाळूवर चढली आणि तिथंच जिरली. होडी जरा डोलली, ताठ उभी राहिली.

सुभाषने शिटी वाजवली.

सगुणने लांब श्वास सोडला. हात पाण्यातच ठेवले. पण आता लपवायला नव्हे. बोटांभोवती बारीक वर्तुळं उठत होती, तो ती बघत राहिला.

"हात कापता गो माझो," तो म्हणाला. "पावसापासून. उद्या डॉक्टराकडे जाऊया. आणि घरी गेल्यार ती शिडां सोड नि परत लाय. माका जमणा."